वाटीभर सोनचाफा

"घ्या हो, देवाला!" कुंपणावरून शेजारच्या मृणालवहिनींनी सोनचाफ्याची वाटी पुढे केली. मी रोजच्यासारखी हसले आणि आत येऊन ती ओट्यावर आपटली.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघी एकाच नर्सरीत गेलो होतो. त्यांनी गुडघ्याएवढं कलम घेतलं आणि ते पहिल्याच वर्षी फुललं. "कलमाला काय दम असतो?" म्हणत मी बियांपासूनचं रोप घेतलं. ते नुसतं उंच वाढत सुटलं. शेणखत घातलं, मासळीचं खत घातलं, शेवटी जुन्या रीतीप्रमाणे कुऱ्हाडीचा धाकही दाखवला. फूल काही येईना.

आज सकाळी मात्र अंगणात घमघमाट सुटला. मान वर केली, तर माझ्या झाडाच्या शेंड्यावर पिवळीधमक फुलं! मी शिडी लावली, काठीला आकडी बांधली, पण हात पोहोचेना. शेंडा सरळ शेजारच्या गच्चीत वाकला होता.

"अहो, तुमचं झाड फुललं!" मृणालवहिनी गच्चीवरून आनंदाने ओरडल्या.

थोड्या वेळाने कुंपणावरून पुन्हा वाटी पुढे आली. "घ्या हो, देवाला!"

वाटीत माझी फुलं होती. सगळ्यांत टपोरं त्यांच्या अंबाड्यात.