झाकणाचं भोक

"आई, हा पावडरचा डबा. तुमची लेक म्हणाली, आईलाच दाखवा, खरी किंमत तिलाच कळेल." जावयाने डबा सासूच्या टेबलावर ठेवला. जुनी चिनीमाती पारखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. झाकणाला मधोमध भोक होतं. पावडरच्या डब्याला भोक कशाला असेल? विंचरताना गळलेले केस साठवायचा डबा होता तो. लेक लहानपणी याच टेबलाशी बसून हे शिकली होती. महिनाभर तिचा फोन नव्हता. "उजेडात बघते," म्हणत सासूने त्याच्याकडे पाठ केली आणि भोकात बोट घातलं. लेकीच्या केसांचा पुंजका निघाला, मुळांना वाळलेलं रक्त. केस गळलेले नव्हते. तिने पुंजका पुन्हा आत सारला. भोकावर तळवा ठेवला. "किती येतील?" त्याने मागून विचारलं. "जावईबापू, याची जोडी असते. ती बघितल्याशिवाय किंमत कशी सांगू? चला, आत्ताच तुमच्या घरी येते."