कोपऱ्यातला काटा

"भाऊजी, तुमची स्क्रीन सुंदरच आहे," वहिनी म्हणाली, "पण ती बघायला वेळ कुणाला असतो?"

मला रागच आला. घरी सर्किटं जोडत बसणाऱ्या हौशी लोकांसाठी आम्ही दोघं सर्किटला वीज पुरवणारा स्वस्तातला पॉवर सप्लाय बनवत होतो. आतली जोडणी तिची, दर्शनी भाग माझा. त्यावर मी हौसेनं रंगीत स्क्रीन बसवली होती; करंट अगदी दशांशापर्यंत दाखवायची. वहिनीनं त्या स्क्रीनच्या शेजारी साधा काट्याचा मीटर जोडला, जुन्या बॅटरी चार्जरवर असतो तसला. करंट वाढला की काटा उजवीकडे जाणार, बस.

"वाद नको," ती म्हणाली. "नेहमीसारखं एखादं सर्किट जोडा."

स्क्रीनचं कौतुक सांगत सांगतच मी जोडायला बसलो. शेवटचा कपॅसिटर लावला, बटण दाबलं आणि मान खाली घालून सर्किटवरचा दिवा लागायची वाट बघू लागलो. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी सर्रकन उजवीकडे गेलं. काय झालं ते कळायच्या आत माझ्या हातानं बटण बंद केलं होतं.

बोलण्याच्या नादात मी कपॅसिटर उलटा लावला होता आणि त्यातून भलताच करंट वाहत होता. आणखी थोडा वेळ गेला असता, तर तो माझ्या तोंडासमोरच फुटला असता.

वहिनीनं चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "किती करंट गेला हो, भाऊजी?"

"आकडा नाही बघितला."

मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि माझी स्क्रीन काढायला घेतली.