चार बोटं कापड

माझी बायको शिवणकाम करायची. आमच्या सहा वर्षांच्या नातीचा निळा फ्रॉक तिनेच शिवला. खाली चार बोटं कापड आत दुमडून कच्चा टाका घातला. "वाढतं अंग आहे," ती म्हणायची. "पोर वाढली की एक बोट सोडायचं. पक्की शिलाई तुमच्यासारख्यांना. तुम्हाला आता काय वाढायचंय?"

ती जाऊन पाच महिने झाले. नात तोच फ्रॉक घालून बसते. आजीचा वास जाईल म्हणून धुवायला देत नाही.

गेल्या महिन्यात फ्रॉक एक बोट लांब झाला. टाका नवा होता. मी सुनेला विचारलं.

"मला साधं बटण लावता येत नाही, बाबा," ती हसली. "तुम्हीच बसला असाल चष्मा लावून."

"आजीने सोडलं," नात म्हणाली.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

आज सकाळी फ्रॉक शिलाई मशीनवर घडी घालून ठेवलेला दिसला. मी तो उलटा करून पाहिला. आत तीन बोटं कापड उरायला हवं होतं. ते कापून टाकलं होतं. काठावरून बारीक, पक्की शिलाई फिरली होती. तिच्याच हातची.

नात दारात उभी होती.

"आजोबा, आता सोडायला नको," ती म्हणाली. "आजी म्हणाली, एवढाच पुरेल."