एकच अंडे

मेंढरे पुढे सरकत होती आणि त्यांच्या मधोमध, हरिबा धनगराची घोंगडी डोक्यावरून घेऊन, दादासाहेब वाकून चालत होते. घोंगडीच्या आत बंदूक होती.

सगळ्यांत पुढे हरिबाची मुलगी मायाक्का होती. वय अकरा. तिनेही आपल्या घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली होती. समोर, दोनशे पावलांवर, कुसळी गवतात माळढोकाची मादी बसली होती. गवताच्या वर तिची फक्त मान दिसत होती, पांढुरकी आणि सरळ.

मोटार दिसली की माळढोक मैलभर आधी उठतो. माणूस पायी आला तरी उठतो. मेंढरांना मात्र तो भीत नाही, आणि मेंढरांबरोबरच्या काळ्या घोंगडीलाही नाही. मायाक्का पंधरा दिवस कळप रोज थोडा थोडा जवळून नेत होती. परवा मादी वीस पावलांवरूनही उठली नाही. ते तिने फुशारकीने बापाला सांगितले आणि बापाने काल मंगळवेढ्यात दादासाहेबांना. सोलापूरहून शिकारीला आलेले दादासाहेब तीन दिवस माळ तुडवून रिकाम्या हाताने परत निघाले होते.

"आबा," मायाक्का हळू म्हणाली. हरिबा तिच्या डाव्या अंगाला चालत होता. "ती अंड्यावर बसलीया."

"ठावं हाय. चल गुमान."

"आबा, पर."

"कुरणाचं बघतो म्हनलेत सायेब. फुडं उन्हाळ्यात मेंढरं काय माती खातील व्हय? अंडं तर एकच हाय."

"एकच असतंय," मायाक्का म्हणाली.

बाजूला गेलेले एक कोकरू हरिबाने काठीने आत वळवले.

दीडशे पावले. कळप चरत चरतच जायला हवा होता, म्हणून मायाक्का टाळूला जीभ लावून रोजच्यासारखा आवाज करत होती. तोंड कोरडे पडले होते, तरी आवाज येत होता आणि मेंढरे त्यामागे येत होती. शंभर. मादीने तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घेतली. ऐंशी. मागे घोंगडीत बंदुकीचा घोडा ओढल्याचा बारीक आवाज झाला.

"अजून थोडं," दादासाहेब कुजबुजले. "मुलीला उजवीकडे घे. समोर येते आहे."

"माया, उजवीकडं सर."

मायाक्का सरली नाही. तिने डोक्यावरची खोळ काढली, घोंगडी दोन टोकांना धरली आणि हात वर करून जोराने झटकली. एकदा, दोनदा.

मादी उठली. एवढ्या जड पक्ष्याला जागेवरून उडता येत नाही. पंख हवेत घेईपर्यंत ती दहा-बारा पावले धावली, आणि तेवढा वेळ मायाक्का तिच्या आणि बंदुकीच्या मध्ये उभी राहिली.

"बाजूला हो," दादासाहेब ओरडले. बार झाला तो उशिरा, आणि उंच गेला.

पण बाराने मेंढरे बिथरली. सगळा कळप एकदम पुढे सुटला, मादी उठली होती त्या बाजूलाच. मायाक्का त्यांच्या आधी पळाली. जागा तिला पाठ होती. अंडे दोन पायांच्या मध्ये घेऊन ती वाकली आणि तोंडाने हुर्र हुर्र करत राहिली. मेंढरे तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेली. एकाचा खूर तिच्या पावलावर पडला. तिने पाय हलवला नाही.

धूळ बसल्यावर दादासाहेब जवळ आले.

"ही पोर मध्येच घोंगडी का झटकत होती?"

हरिबाने मुलीकडे पाहिले. ती काय झाकून उभी आहे तेही पाहिले.

"गांधीलमाशी चावली असंल, सायेब. हितं लई हायत."

"कुठं चावली?"

"आता लेकीच्या जातीला कसं इचारावं, सायेब."

दादासाहेबांनी अंगावरची घोंगडी काढून त्याच्या हातात दिली आणि मोटारीकडे चालू लागले. कुरणाचे नाव त्यांनी काढले नाही. हरिबानेही काढले नाही.

मायाक्काची घोंगडी जमिनीवर पडली होती. हरिबाने ती उचलून खांद्यावर टाकली.

"इतके दिस तुला भीत नव्हती," तो म्हणाला. "आता घोंगडं बघितलं की उठंल. मी मेंढरं गोळा करतो. तू ये मागनं."

तो गेला.

मायाक्का खाली बसली. खाली घरटे नव्हते, गवताची काडीही नव्हती. उघड्या मुरमावर ते मळकट हिरवे, तपकिरी डागांचे अंडे होते. तिने बोटाच्या पाठीने स्पर्श केला. कोमट होते. मग तिने शेजारच्या मुरमाला हात लावला आणि चटका बसताच काढून घेतला.

भाद्रपदातली दुपार होती. ऊन डोक्यावर होते आणि तिची सावली पायांपुरतीच पडत होती. अंड्यावर सावली धरायची तर त्याला खेटूनच उभे राहावे लागत होते.

दूर, चढावर, मादी उतरली होती. मान ताठ करून ती इकडेच पाहत होती. मायाक्का तिथे असेपर्यंत ती येणार नव्हती.

मायाक्का एक पाऊल मागे सरली. अंड्यावर ऊन पडले. चढावरची मान हलली नाही.

तिने आणखी एक पाऊल मागे घेतले.