रिकाम्या सीटचे हात

‘चालकाचे हात थरथरतात. गाडी सुरू होणार नाही.’

डॅशबोर्डवर तिसऱ्यांदा ही लाल अक्षरं उमटली आणि शेवंताबाई घाटगे स्टीअरिंगवर डोकं टेकून बसल्या. बावीस वर्षं त्या कराडात टॅक्सी चालवत होत्या. पण आता कायदा गाडीचीच साक्ष मानत होता. तीन शेरे पडले की लायसन्स रद्द. निरीक्षक तो हुकूम घेऊन गॅरेजात उभेच होते.

“मावशी, जरा खाली उतरा,” मेकॅनिक रेवती म्हणाली. तिने दार लावलं आणि खिडकीतून हात घालून नुसतं बटण दाबलं. सीट रिकामी होती, तरी पुन्हा तीच लाल अक्षरं आली.

“साहेब, आता कोणाचे हात थरथरतायत?”

निरीक्षक वाकून रिकाम्या सीटकडे पाहू लागले. रेवतीने स्टीअरिंगमधला, हातांची थरथर मोजणारा मीटर खोलला. आतल्या वायरचं टोक ओल लागून हिरवं पडलं होतं. सिग्नल मध्येच तुटत होता आणि गाडी त्यालाच थरथर समजत होती. रेवतीने नवं टोक जोडलं.

शेवंताबाईंनी बटण दाबलं. ‘चालक सक्षम.’ गाडी सुरू झाली. रेवतीला ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीच.

निरीक्षकांनी हुकूम फाडला.

“बसा साहेब,” शेवंताबाई म्हणाल्या, “ऑफिसात सोडते.”

साहेब मुकाट्याने मागे बसले.