खाडा

साथ आल्यापासून त्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायकांना चेहरेच उरले नव्हते. टोपी, मास्क आणि एप्रनवरचा नंबर, हजेरी त्यावरच लागायची. आजारी पडलं तर घरी बसायची मुभा होती, पण तीन खाडे झाले की जागा दुसरीला.

म्हणून अंगात ताप असूनही ती डबा घेऊन निघालीच होती. शेजारणीने तिला दारातूनच मागे फिरवलं. "आधी जिवाचं बघ. कामाचं आम्ही दुसऱ्या पाळीच्या बघतो." तिला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली.

बरी होऊन ती कामावर गेली ती जागा गेली असणार असं धरूनच. पण एप्रन खुंटीवरच होता, तोही धुतलेला. ती टेबलाशी उभी राहते न राहते तोच मुकादम आला. हा माणूस स्वतःच्या लग्नातही हसला नसेल, असं बायका म्हणत.

"साहेब, आठवडाभर मी..."

"तुझा एकही खाडा नाही."

"पण मी तर घरी..."

"मास्क नीट लाव आणि गप ऐक." त्याने आवाज उतरवला. आजूबाजूच्या माना खाली गेल्या. "सोमवारी तू माझ्यापेक्षा उंच होतीस. मंगळवारी तुला एप्रनची नाडी पुरत नव्हती. काल तर चक्क डावखुरी झालीस. आज बघितलं आणि म्हटलं, चला, बाई एकदाची माणसात आली."