वाट्याचा बहार

सरपंचांनी मदतीला सोयाबीनची पोती जाहीर केली, तशी पारावरची सगळी मंडळी रामरावांच्या तोंडाकडं पाहू लागली. एकाचं नाव माइकवर पुकारलं की पुढच्यानं त्याच्याहून मोठं बोलायचं, ही हसनाबादची रीत. आणि माइकवर दिलेला शब्द मागं घेणारा माणूस गावात अजून जन्मायचा होता. रामरावांनी मिशीवरून हात फिरवला. घाम पुसला म्हटलं तरी चालेल.

जालन्याहून कॉलेजच्या पोरापोरींचं मदत पथक आलं होतं. नेपाळात भूकंप झाला होता. कितीतरी लेकरांचे आईबाप ढिगाऱ्याखाली गेले, जी घरं उरली त्यांत चूल पेटेना. त्यांच्यासाठी ही मंडळी गावोगाव फिरत होती. माइक अर्पिताच्या हातात होता. अर्पिता रामरावांच्या थोरल्या भावाची, हरिभाऊंची पोर. बाप गेला तेव्हा ती आईच्या कडेवर होती.

हरिभाऊंच्या तेराव्यालाच रामरावांनी वहिनीला सांगून टाकलं होतं, की वाटणी कधी झालीच नाही, मोसंबीची सगळी बाग माझी, भाऊ तिथं नुसता राबत होता. वाटणी झाली होती. पण तोंडी, दोन म्हाताऱ्यांसमोर. म्हातारे दोघंही वर गेले आणि रामरावांना कंठ फुटला.

ती वहिनी, चतुराबाई, आज पोरीसोबत आली होती. जुन्या जालन्यात आडत्याच्या दुकानी धान्य निवडून तिनं पोर शिकवली. रामरावांचं वाटोळं व्हावं असं तिला रोज वाटायचं. देवापुढं हात जोडतानाही वाटायचं, आणि त्याची तिला काडीची लाज नव्हती.

"आई, आज भांडू नको," अर्पितानं टेम्पोतच बजावलं होतं. "त्या लेकरांसाठी आलोत आपण. काका चिडून उठले तर त्यांच्यामागं अर्धं गाव उठंल."

रामराव बोलायला उभे राहिले. नेपाळच्या लेकरांचं नाव काढताच त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. "अनाथाचं दुःख ज्याला कळत न्हाई, तो माणूसच न्हाई!" ते म्हणाले. त्यांच्याच घराण्यातली बिनबापाची पोर हाताच्या अंतरावर उभी होती. तिच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चतुराबाईनं दात आवळले.

"मंग काय देऊन राह्यले, रामराव?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

रामरावांची पंचाईत झाली. कमी बोलावं तर नाक जातं, जास्त बोलावं तर जीव जातो.

तेवढ्यात चतुराबाई पुढं झाली आणि तिनं पोरीच्या हातातून माइक घेतला. अर्पिताचा चेहरा पांढराफटक पडला. झालं, आता सगळं फिसकटणार.

"भाऊजी," डोक्यावरचा पदर सारखा करत चतुराबाई गोड आवाजात म्हणाली, "तुमची बाग तुम्हाला ऱ्हाऊ द्या. तुमच्या घासातलं कोण मागून राह्यलं? विहिरीकडची मोसंबी हाय ना, आमच्या यजमानांच्या वाट्याची, तिचा यंदाचा बहार द्या. त्यांच्या नावानं. माझी बिलकुल ना न्हाई."

रामरावांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. इतकी वर्षं वाटा, वाटा म्हणून ऊर बडवणारी बाई आपण होऊन हात झटकत होती. शिवाय विहिरीकडची झाडं जुनी झाली होती, यंदा त्यांना फळ बेताचंच होतं, आणि हे गावाला ठाऊक नव्हतं. चांगली बाग वाचत होती, सरपंचावर कडी होत होती, वर भावावरचं प्रेमही दिसत होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हायला कितीसा वेळ लागतो?

त्यांनी माइक जवळजवळ हिसकावलाच.

"ऐका मंडळी! माझे कैलासवासी बंधू हरिभाऊ यांच्या वाट्याची मोसंबी, विहिरीपासून थेट वढ्याच्या बांधापर्यंत! तिचा सगळा बहार मी नेपाळच्या लेकरांना दिला!"

दान मोठं वाटावं म्हणून हद्द त्यांनी आपल्या मनानंच जोडली. पारावर टाळ्यांचा कडकडाट झाला. जो तो मोबाइल वर धरून रामरावांना टिपू लागला. सरपंचांनी हार घातला आणि रामराव कुठल्या बाजूनं फोटो चांगला येईल ते पाहत उभे राहिले.

टेम्पोच्या आडोशाला येताच अर्पिताचा बांध फुटला. "आई, ज्याच्यापायी जन्मभर रडलीस, ते रान आपल्याच हातानं देऊन टाकलंस? अन् त्या माणसाला हार घालू दिलास?"

चतुराबाई हसली. कितीतरी वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"रान कुठं दिलं, बाई? एका सालाची मोसंबी दिली, ती बिचाऱ्या लेकरांच्या कामी येईल. रान तुझ्या बापाच्या वाट्याचं हाय, हे आता मी न्हाई सांगत. साऱ्या गावापुढं त्यानं सांगितलं, हद्दीसकट."